ताईच्या कॅप्सुली आणि माझे कान

४ मार्च
वर्कशॉप, जेवणाची सुट्टी

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. इकडे सगळे बरे आहोत. तिकडे तू बरी असणारच. तुला साधी शिंक आली तरी ती बातमी शिंकेच्या आधी इथे पोचते.

फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. फोनवर मी 'ताई' एवढं म्हणतो आणि पुढचं सगळं तू म्हणतेस. शेवटचं 'बरं, ठेवते' हेही तूच म्हणतेस. पत्राचं एक बरं असतं, वाचणाऱ्याला मध्ये तोंड घालता येत नाही.

तुझं दुसरं पार्सल पोचलं. पहिल्याचं काय झालं ते विचारू नकोस. डब्यावर तोच हसरा सूर्य, खाली 'मन प्रसन्न, शंभर टक्के नैसर्गिक'. ताई, धोत्र्याचं बीसुद्धा शंभर टक्केच नैसर्गिक असतं. शाम्पू आणि टूथपेस्टच्या शेजारी मांडून ठेवलेली वस्तू आणायची, तुझ्या सकाळच्या फिरण्यातल्या मैत्रिणींनी 'आमच्या सुनेला किती फरक पडला' म्हणायचं, आणि तू ती अख्ख्या गोतावळ्याला वाटत सुटायची. मला एक डबा, बायकोला एक, वर्कशॉपातल्या मिस्त्रींना एक समजू शकतो. टेम्पोवाल्याला कशाला? म्हणे, 'तो फार उदास दिसतो.' तो उदास नाही गं. त्याची मिशीच खाली वळलेली आहे. त्याच्यासारखा सुखी माणूस या गल्लीत दुसरा नाही.

आता वर्कशॉपची बातमी ऐक, म्हणजे मी का चिडलोय ते कळेल.

बेकरीवाल्याच्या भट्टीवरच्या पंख्याची मोटार आली होती. बेअरिंग जाम, आतून काळं पाणी गळतंय. आमच्याकडे पद्धत अशी की ज्या मोटारीत जे ग्रीस भरलं, त्या रंगाचा ठिपका तिच्या अंगावर द्यायचा. पिवळा ठिपका असेल तर पिवळ्या डब्यातलं, निळा असेल तर निळ्या डब्यातलं. ठिपका नसेल तर मोटार उघडायची, जुनं सगळं धुऊन काढायचं आणि मगच नवं भरायचं. या मोटारीवर निळा ठिपका, माझ्याच हातचा. बेकरीवाल्याने बाजारातून सगळ्यात महागडं ग्रीस आणून वरून ठासलेलं.

मी म्हटलं, "अहो, हे काय केलंत?"

तो म्हणतो, "तुमचंही ग्रीस चांगलं, हेही चांगलं. म्हटलं दुप्पट चांगलं चालेल."

"दोन चांगल्यांचं लग्न लावलं की संसार चांगलाच होतो, असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

यावर त्याची बायको इतकी हसली की मला मोटारीचे पैसे मागायला संकोच वाटला. पण खरंच सांगतो, दोन्ही ग्रीसं एकेकटी उत्तम. एकत्र केली की दोन्ही पातळ होतात, वाहून जातात, आणि बेअरिंग कोरडं फिरून जळतं.

तर ताई, पार्सलं बंद. आमच्यापैकी कोण कशावर चालतंय, कुणावर कुठला ठिपका आहे, हे तुला ठाऊक नाही. डब्यावर खाली मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलंय की इतर औषधं घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. बेअरिंगचे नंबर वाचायचं भिंग लावलं तेव्हा मला ते दिसलं. तुझ्या चष्म्याला दिसणार नाही, आणि दिसलं तरी तुला ते दुसऱ्या कुणासाठी लिहिलंय असं वाटेल.

माझ्या दुखण्याचं बायकोने तुला सांगितलंच आहे. ते झालं गेलं. बाहेरचं काहीतरी खाल्लं होतं, पोट बिघडलं, दवाखान्यात ठेवलं, सोडलं. त्यात उगाळण्यासारखं काही नाही.

तुझ्या लेकीला, लॅबमध्ये दिवसभर कवळ्या घडवणाऱ्या आमच्या कवळीबाईला, आशीर्वाद. ती हल्ली गप्प असते, ही तुझी तक्रार ऐकली. तुझ्या घरात दुसऱ्या कुणाला बोलायला जागा मिळते कुठे? आणि तिलाही या कॅप्सुली देऊ नकोस. ती नको म्हणाली असेल, तर तिचं नको म्हणजे नको.

तुझा,
अजूनही तुझ्याच हातचा मार आठवणारा,
बारक्या


११ मार्च
सकाळ, वर्कशॉप उघडायच्या आधी

चि. कवळीबाईस मामाचे आशीर्वाद.

आधी कामाचं, मग बाकीचं. हे पत्र टेम्पोवाल्याच्या हाती तुझ्या लॅबमध्ये पाठवतोय, कारण कामाच्या वेळी तुझा फोन ड्रॉवरमध्ये असतो आणि संध्याकाळपर्यंत मला थांबायचं नाही. तो खाली उभा आहे. हातातली कवळी खाली ठेव, तुझ्या सरांना तब्येत बरी नाही म्हणून सांग, आणि त्याच्याबरोबर थेट आपल्या डॉक्टरीणबाईंकडे जा. मी त्यांच्याशी बोललोय, त्या वाट बघतायत. त्या नसत्या तर मी तुला मोठ्या दवाखान्यात पाठवलं असतं. वाटेत फार कापरं भरलं, ताप वाटला किंवा छाती धडधडायला लागली, तर टेम्पोवाल्याला सांग, तो गाडी तिकडेच वळवेल. त्याच्या मिशीकडे बघू नकोस, माणूस चपळ आहे.

दोन गोष्टी आणखी. आई देते तो रस आता पिऊ नकोस. आपल्या मनाने तुझी रोजची गोळी बंद करू नकोस. ती एकदम थांबवली तर त्याचाही वेगळा त्रास होतो. काय थांबवायचं, कधी, हे त्या सांगतील.

आता का ते सांगतो.

काल रात्रीच्या जेवणाआधी तुझ्या आईचा फोन आला. मी पत्रात लिहिलेल्या एकाही गोष्टीला उत्तर न देता ती फिरण्यातल्या मैत्रिणींवर आली, त्यांच्या गुडघ्यांवर आली, मग तुझ्यावर. "बारक्या, हिचे हात थरथरायला लागलेत रे. कपाळावर घाम. रात्री खोलीत येरझाऱ्या घालते. एका जागी बसवत नाही तिला. म्हणून मी आता..." आणि तिथे ती थांबली. तुझी आई वाक्याच्या मध्ये थांबली! मी कान टवकारले. मागे काय ऐकू आलं सांगू? टिक्. मग पुन्हा टिक्. मग काचेच्या पेल्यात चमचा फिरला.

तुझी आई रसात साखर घालत नाही. घरात तुम्ही दोघीच. कॅप्सूल मधोमध उघडते तेव्हा तिचा आवाज कसा होतो हे मला चांगलं माहीत आहे, कारण मी स्वतः ती चव बघायला उघडून बघितली होती. आणि मागच्या आठवड्यातल्या फोनवर हाच आवाज एकदाच आला होता. तेव्हा मी गाढवासारखा समजलो की ताई पेनाचं टोपण काढतेय.

आलं का लक्षात? तू कॅप्सुली घेत नाहीस, कुंडीत टाकतेस, हे तिला कळलं. तिने जन्मभर पाळणाघर चालवलं. कडू औषध मुलाला कळू न देता पोटात कसं घालायचं यात तिचा हात धरणारं कुणी नाही. लहानपणी तुझ्या खोकल्याचं औषध मुरांब्यातून गेलं आणि माझं एरंडेल लिंबाच्या सरबतातून. तीच विद्या. तुला रोज रात्री जेवणाआधी प्रेमाने रसाचा पेला मिळतोय, तुझे हात थरथरतायत, आणि ते थरथरणं बघून ती एकाच्या दोन करतेय. आगीवर तूप ओततेय आणि ज्वाळा का वाढल्या म्हणून आणखी ओततेय. मी तिच्यावर भयंकर चिडलोय, पण फोनवर बोललो असतो तर तुझं गुपित फुटलं असतं. चिडून तरी काय करू? तिच्या लेखी ते औषध आहे, माया आहे. मायेशी भांडायला माणसाकडे हत्यार नसतं.

मागच्या महिन्यात मला काय झालं ते तू आणि मीच जाणतो. माझे पाय बिछान्यात स्वतःहून उडत होते ते तू पाहिलंस. म्हणूनच तेव्हा तुला शपथ घालून सांगितलं होतं, आईच्या डब्याला हात लावू नकोस. तू म्हणालीस, "मामा, मी काय वेडी आहे?" आणि आपण दोघंही हसलो, कारण तो प्रश्न ज्या ठिकाणी बसून विचारला होतास तिथे तो जरा जपूनच विचारायचा असतो.

तुला तो पहिला दिवस आठवतो? डॉक्टरीणबाईंचा तोच बाकडा. दार उघडून तू आत आलीस आणि मी पेपर तोंडासमोर धरला. मग शेजारून बारीक आवाज: "मामा, पेपर उलटा आहे."

तिथेच ठरलं, तू माझं सांगायचं नाही, मी तुझं सांगायचं नाही. मी शब्द पाळतोय. पण आता हे असं चालणार नाही. उद्या रस बंद केलास तर ती सूपात घालेल. सूप बंद केलंस तर कणकेत. तिला थांबवायचं तर का थांबायचं ते सांगावं लागेल. ते काय आणि कसं सांगू, ते तूच ठरव. उत्तर टेम्पोवाल्याकडे दे, दोन ओळी पुरेत.

आधी जा. वाचून झालं असेल तर अजून तिथे काय करतेयस?

तुझा,
मामा


१२ मार्च
घर, संध्याकाळ

तीर्थरूप ताईस,

नमस्कार. हे पत्र तू बसून वाच. चष्मा पूस. आणि अर्ध्यात फोन उचलू नकोस, शेवटपर्यंत वाच, ही एक भीक घाल.

मागच्या पत्रात तुला लिहिलं की पोट बिघडलं होतं. खोटं. बायकोलाही मी तेच सांगितलं होतं, तिने तुला सांगितलं ते बिचारीला खरं वाटत होतं.

ताई, मी गेले काही महिने मनाच्या डॉक्टरांची गोळी घेतो. रोज सकाळी, दात घासल्यावर. वर्कशॉपातल्या स्क्रूच्या खणात ठेवतो, सगळ्यात लहान स्क्रूंच्या डबीत, कारण त्या डबीत माझ्याशिवाय कुणी हात घालत नाही.

का, ते विचारशील. विचारच. आपल्या घरात कुणी मेलं नव्हतं, धंदा बुडाला नव्हता. काय झालं माहीत आहे? मला ऐकू येईना. म्हणजे कान ठणठणीत होते. पण तुला माझं काम ठाऊक आहे. मोटार चालू करायची, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक तिच्या अंगाला लावायचं, मूठ कानाला, आणि आत काय दुखतंय ते ऐकायचं. शाळेत नापास झालेल्या पोराला या कानांनी वर आणलं, दुकान दिलं, घर दिलं. आणि एक दिवस मी स्क्रू ड्रायव्हर लावून बसलो आणि मला चांगल्या बेअरिंगचा आणि मेलेल्या बेअरिंगचा आवाज सारखाच वाटला. फरक पडेना म्हण. कुठली मोटार जळली तरी मला काय, असं. मग बायकोचं बोलणं तसंच, नातवंडांचं तसंच. सगळं एका सुरात घूं घूं. सकाळी उठून चपला घालायच्या म्हटल्या तरी डोंगर चढायचा वाटायचा. गिऱ्हाइकांशी विनोद करायचो, ते हसायचे, मी दुसऱ्या खोलीतून ऐकल्यासारखा ऐकायचो.

कुणाला सांगणार? लोक माझ्या कानांवर विश्वासून मोटारी आणतात. धन्याचंच डोकं दुरुस्तीला गेलंय म्हटल्यावर कोण येईल? आणि तुला तर मुळीच सांगणार नव्हतो. तुझ्या शेजारणीच्या मुलीचं कळलं तेव्हा तू चारचौघांत काय म्हणालीस ते माझ्या कानांत अजून आहे: "गोळ्या खाऊन का मन बरं होतं? दोन खोल्या झाडायला लावा, होईल बरी." ताई, मी तेव्हा तुझ्याच खुर्चीत बसलो होतो. खिशात गोळ्यांचं पाकीट होतं.

गोळीने हळूहळू फरक पडायला लागला होता. फार हळू. अशात तुझं पहिलं पार्सल आलं. आता ऐक तुझ्या शहाण्या भावाची अक्कल. जो माणूस बेकरीवाल्याला दोन ग्रीसं मिसळली म्हणून भर दुकानात ज्ञान पाजतो, त्याने विचार केला, ही तर झाडपाल्याची, अन्नासारखी; गोळी हळू चालतेय, हिला जरा मागून धक्का देऊ. आणि रोज गोळीवर तुझी कॅप्सूल. लोका सांगे ब्रह्मज्ञान! डॉक्टरीणबाईंना विचारलं नाही. औषधवाल्यालाही विचारलं नाही. म्हटलं, यात काय विचारायचंय, ताईने पाठवलंय.

थोड्याच दिवसांत हात थरथरायला लागले. घाम. पोट ढासळलं. एका जागी बसवेना. पाय आपोआप झटके द्यायला लागले, छातीत भट्टीचा पंखा फिरतोय तसं. बायको घाबरून दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या तरुण डॉक्टरने विचारलं, "काका, कुठली औषधं चालू आहेत?"

बायको शेजारी उभी. मी म्हटलं, "काही नाही."

"झाडपाल्याचं, ताकदीचं, असलं काही?"

"छे."

ताई, माझं अंग तापाने भाजत होतं, जबडा थरथरत होता, आणि मी खोटं बोलत होतो. त्यांनी रक्त तपासलं, विषबाधा म्हणाले, तापाचं काहीतरी म्हणाले, त्यांना धागा सापडेना. सापडणार कसा? मीच तो गिळून बसलो होतो. शेवटी मी बायकोला म्हटलं, "माझ्या चपला खाली राहिल्यात, आण जा." चपला माझ्या पायात होत्या. ती गेली, आणि मी नर्सबाईंचा हात धरून एका दमात सगळं सांगून टाकलं. त्या माझ्यावर जे ओरडल्या, तसं फक्त तूच ओरडतेस.

डॉक्टरने समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. मेंदूत एक रसायन असतं, मन तरतं ठेवणारं. गोळी ते टाकीत साठवते. तुझ्या कॅप्सुलीत जे पिवळ्या फुलांचं झाड आहे, डब्यावर 'सेंट जॉन्स वॉर्ट' लिहिलंय बघ, तेही तेच करतं. म्हणजे एका टाकीला दोन पंप लावले आणि टाकी भरली की बंद करणारा फ्लोट कुठेच नाही. टाकी वाहते, मग फुटते. माणसं याने दगावतात, ताई. 'नैसर्गिक' शब्दाने पंप पंप राहायचा थांबत नाही. त्या कॅप्सुली काही वाईट नाहीत म्हणे, कुणाला चालतही असतील. पण आत काय भरलंय हे न विचारता वरून ठासायच्या नाहीत.

आता दुसरी गोष्ट. माझ्या कानांशी चलाखी करू नकोस. परवा फोनवर दोन वेळा टिक् झालं आणि पेल्यात चमचा फिरला. त्याआधी एकदाच होत होतं. मी सगळं ऐकलं.

त्या पेल्यातून पिणाऱ्या माणसाबद्दल मला काही ठाऊक आहे का, हे विचारू नकोस. मला माझं ठाऊक आहे आणि माझं मी सांगितलं. पण जे हात थरथरत होते म्हणून तू डोस वाढवलास, ते हात माझे असते तर? पाळणाघरातली मुलं गेली, ताई. तिथे मूल 'नको' म्हणालं तर ते तोंड वाकडं करून म्हणायचं, आणि तू हुशारीने पाजायचीस, आणि ते बरोबर होतं. मोठं माणूस 'नको' म्हणतं तेव्हा त्यामागे कधीकधी अख्खी खोली असते, कुलूप लावलेली. पेल्यातून त्या खोलीत जायला वाट नाही.

मोटारींवर मी ठिपके देतो. माणसांवर ते नसतात. म्हणून विचारावं लागतं. आणि विचारलं की माणसं माझ्यासारखी खोटं बोलतात, म्हणून असं विचारावं लागतं की खरं सांगितलं तर समोरचा ओरडणार नाही. यात तू कच्ची आहेस. मीही आहे. आपल्या आईचीच मुलं आपण.

पाकिटात घालायच्या आधी हे पत्र मी बायकोला वाचून दाखवलं. तिला सांगायची मला दुसरी रीत सुचेना. चपलांच्या जागी पोचलो तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे मी दोन मजले उतरून चपला शोधत फिरले!" मग म्हणाली, "नणंदेला एवढं लांबलचक लिहायला जमलं. मला दोन शब्द सांगायला जीभ झडली होती?" ती आत गेलीये आणि कपाटाची दारं आपटतेय. आवाजावरून सांगतो, राग बिजागरीत आहे, फळीत नाही. उतरेल.

कॅप्सुली फेक. मी तुझ्यावर चिडलोय, आणि या जगात मला आईच्या जागी दुसरं कुणी नाही. दोन्ही खरं आहे.

तुझा,
रोज एक गोळी घेणारा,
बारक्या


१५ मार्च
वर्कशॉप

चि. कवळीबाईस,

मामाचे अनेक आशीर्वाद. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थरथर उतरलीये, घामही. ऐकून माझा जीव भांड्यात पडला. वेळेवर कळलं म्हणून, नाहीतर त्या दोन टिक्चे तीन झाले असते.

तुझी चिठ्ठी मी शर्टाच्या खिशात ठेवली आहे. दोन ओळी मागितल्या तर एकच दिलीस: "मामा, माझं सांगू नकोस. तुझं सांग." वा गं वा! भाचीने मामालाच बळी दिलं. पहिल्यांदा वाचली तेव्हा तुझ्या नावाने बोटं मोडली. टेम्पोवाला साक्षीला आहे. आणि तू तिथेच खाली बारीक लिहिलंस, 'आईला कळलं तर ती मला पुन्हा चार वर्षांची करेल', ते वाचून मोडलेली बोटं पुन्हा जोडली.

मी माझं सांगितलं. पत्र पोचलं, आणि आज दुपारी फोन वाजला.

"बारक्या," एवढं म्हणाली आणि पुढे काही नाही. इतके दिवस मला मिळाली नव्हती तेवढी जागा तिने मला फोनवर दिली. मग मागे आवाज आला. डब्याचं झाकण. मग एक एक नाही, सगळ्या एकदम, खळखळ. केराच्या टोपलीचं झाकण पडलं. दुसरा डबा. पुन्हा खळखळ.

"तू वर्कशॉपात बसून रडायचास का रे?"

"नाही ताई. रडू आलं असतं तर डॉक्टरकडे गेलोच नसतो."

"मला सांगायचंस."

"तू दोन खोल्या झाडायला लावल्या असत्यास."

ती हसली असावी. किंवा नाक ओढलं. फोनवर दोन्ही सारखंच ऐकू येतं, आणि माझे कान परत आले असले तरी अजून पूर्ण नाहीत.

मग म्हणाली, "मी तिला कसं विचारू?"

"कुणाला?"

"बारक्या, मी पाळणाघर चालवलंय, मठ्ठ नाहीये. तू गेला आठवडाभर मला तिच्याभोवती फिरवून आणतोयस." मग आवाज खाली आणून, "मी माझ्या पोरीला रोज ते... बारक्या, मी माझ्या हाताने पाजत होते रे."

मी म्हटलं, "तुला ठाऊक नव्हतं." तिने ते कानावर घेतलं नाही. म्हणून म्हटलं, "तिच्या दारावर टकटक कर. 'येऊ का' म्हण. आणि ती 'नको' म्हणाली तर परत जा."

"माझ्याच घरात टकटक करू?"

"तुझ्याच घरात."

तर कवळीबाई, आज ना उद्या तुझ्या दारावर टकटक होईल. तुझ्या आईला त्याची सवय नाही, त्यामुळे पोलीस आल्यासारखी वाजेल. घाबरू नकोस. उघडायचं की नाही, ते तूच ठरव. काय सांगायचं आणि किती, तेही. तुझा शब्द मी अजून पाळतोय; तिला जे कळलं ते तिने स्वतः ऐकलं, माझ्याकडून एक अक्षर गेलेलं नाही. एवढंच सांगतो, ती दाराबाहेर उभी असेल तेव्हा तिचा श्वास ऐक. आवाजावरून माणूस ओळखायची विद्या मला तिच्याकडूनच आली, तुला नसेल आली असं मला वाटत नाही.

पुढच्या वेळी डॉक्टरीणबाईंच्या बाकड्यावर माझ्याबरोबर तुझी मामीही असेल. ती येतेच म्हणतेय. चपला मी घालून येणार आहे की नाही, हे बघायला.

तुझा,
पेपर आता सरळ धरून बसणारा,
मामा